काळ्यांची मेथॉडिस्ट मंडळी आणि आपण

माझी धाकटी मावशी मेथॉडिस्ट आहे. तिच्या सासरच्या माणसांनी दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आमच्या घराने १९५६ नंतर बुद्धाची वाट धरली. दोन्ही घरे एकाच महारवाड्यातून निघालेली. पुढे कायद्याने त्यांच्यात आणखी एक भिंत घातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. पण हा लेख त्या भिंतीविषयी नाही. मावशीच्या मंडळीत मी जे पाहिले आणि त्यामुळे जे वाचत गेलो, त्याविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी ३१ डिसेंबरच्या रात्री मी तिच्याबरोबर देवळात गेलो होतो. सरत्या वर्षाची उपासना होती. भजने झाली, पाळकसाहेबांचे चार शब्द झाले आणि बारा वाजायला थोडा वेळ उरला तेव्हा सगळी माणसे गुडघ्यांवर आली. कोणी बोलेना. मोलकरणी होत्या, एस.टी.तले कामगार होते, नर्स होत्या, सफाई खात्यातली माणसे होती. वर्षभर ज्यांना कोणी ना कोणी हुकूम सोडलेला असतो, अशी ती माणसे. ती गप्प होती, पण ती गप्प बसवलेल्यांची शांतता नव्हती. परतताना मी मावशीला विचारले, ही रात्र का जागवायची? ती म्हणाली, “ते मला काय माहीत बाबा. सासूबाई जागायच्या, म्हणून मी जागते.”

त्याच हिवाळ्यात आमच्या वस्तीत नगरपालिकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ खोलीत एकटे आजारी पडले. अठरा दिवस पडून होते. मी तेव्हा विहार समितीचा चिटणीस होतो. जयंतीच्या वर्गणीच्या वहीत त्यांचे नाव मीच लिहिले होते, पावतीही फाडली होती. पण ते आजारी आहेत हे मला त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी कळले. मावशीच्या मंडळीत असे झाले नसते, हे मला माहीत होते. तिथे एका बाईकडे बारा घरांची वही असते. आठवड्यातून एकदा ती त्या घरांच्या उंबऱ्यावर जाऊन येते. कोणाचा ताप उतरला नाही, कोणाच्या नवऱ्याची नोकरी गेली, कोणाच्या पोरीची फी राहिली, हे रविवारपूर्वी तिला ठाऊक असते.

ही वही कोठून आली? ही जागण्याची रात्र कोठून आली? ह्या दोन प्रश्नांचा माग काढताना मी आधी इंग्लंडात आणि मग अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या मेथॉडिस्ट मंडळ्यांत पोहोचलो. तिथे जे सापडले ते आपल्या कामाचे आहे असे मला वाटते.

बारा घरांच्या वहीचा जन्म कर्जातून झाला. जॉन वेस्ली हा इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा धर्मगुरू. त्याने खाणकामगार, विणकर, मोलमजुरी करणारे ह्यांच्यात काम सुरू केले. ब्रिस्टल शहरात त्याच्या अनुयायांनी सभागृह बांधले आणि त्याचे कर्ज डोक्यावर राहिले. १७४२ साली ते फेडण्याचा विचार चालू असताना कोणीतरी सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेही जमणार नाही, अशी हरकत निघाली. तेव्हा एका जुन्या खलाशाने तोड काढली : सर्वांत गरीब अकरा माणसे माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला देता येणार नाही त्याची पेनी मी भरीन. म्हणून बाराबारांचे वर्ग पडले. पैसे गोळा करायला गेलेल्या माणसांना घरातले दारिद्र्य, आजार, दारू, भांडणे दिसली. कर्ज फिटले तरी घरभेटी राहिल्या. मेथॉडिस्टांच्या संघटनेचा कणा तो हाच. वर्गणी आणि विचारपूस ह्या दोन गोष्टी त्यांनी एकाच माणसाच्या हाती दिल्या. आपण त्या वेगळ्या केल्या, हे मला पावतीपुस्तक हातात असतानाही उमगले नव्हते.

जागण्याच्या रात्रीचे मूळही कष्टकऱ्यांत आहे. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडचे कोळसा खाणीतले मजूर पूर्वी शनिवारची रात्र गुत्त्यात काढीत. मेथॉडिस्ट झाल्यावर ते तीच रात्र प्रार्थनेत काढू लागले. वेस्लीने ही प्रथा उचलली. ह्या रात्री पौर्णिमेच्या जवळपास ठेवीत, कारण लोकांना चांदण्यात घरी चालत जाता येई. पुढे ती वर्षअखेरच्या रात्रीला चिकटली. श्रद्धेच्या ऋतूचे वेळापत्रक मजुराच्या पायवाटेकडे पाहून ठरले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वेस्लीने १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. अमेरिकेतल्या मेथॉडिस्टांनी १७८४ च्या नाताळात बाल्टिमोरला परिषद भरवून स्वतंत्र चर्च स्थापले, तेव्हा गुलाम बाळगणाऱ्या सभासदांनी त्यांना मुक्त करावे असा नियम केला. दक्षिणेतल्या मालकांनी ओरड केली आणि वर्षाच्या आत तो नियम गुंडाळून ठेवला गेला. समतेचा ठराव करायचा आणि अंमलबजावणीची वेळ आली की काळ अनुकूल नाही म्हणायचे, हा सुधारकांचा रोग आपल्याकडेच आहे असे नाही.

ह्या काळात रिचर्ड ॲलन नावाचा तरुण पुढे आला. १७६० साली तो गुलाम म्हणून जन्मला. डेलावेअरमध्ये मालकाच्या शेतावर असताना मेथॉडिस्ट प्रवचने ऐकून त्याने ती श्रद्धा स्वीकारली. जादा कामे करून पैसे जमवले आणि स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. लाकडे फोडली, विटा पाडल्या, मिठाच्या गाड्या हाकल्या आणि उपदेश करीत हिंडला. १७८६ साली तो फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये आला. पहाटेच्या उपासनेला त्याला बोलू देत. त्याच्यामुळे काळी माणसे येऊ लागली. ती वाढली तशी गोऱ्यांची अस्वस्थता वाढली. आधी त्यांना भिंतीकडेला बसवले, मग नव्याने बांधलेल्या माडीवर जाण्यास सांगितले. ह्या बांधकामाला काळ्या सभासदांनीही पैसे दिले होते.

एका रविवारी ती मंडळी माडीवर गेली आणि आपल्याला योग्य वाटल्या त्या जागी गुडघे टेकून प्रार्थनेला लागली. प्रार्थना चालू असतानाच एका विश्वस्ताने ॲलनचा सहकारी ॲब्सलम जोन्स ह्याला धरून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, असे जोन्सने सांगून पाहिले. विश्वस्त थांबेना, त्याने मदतीला दुसरा बोलावला. प्रार्थना संपताच सगळी काळी माणसे उठली आणि एकत्र बाहेर पडली. परंपरा ह्या घटनेचे साल १७८७ सांगते. काही अभ्यासक ती चार-पाच वर्षे पुढे नेतात. सालापेक्षा महत्त्वाचे असे की त्यांना प्रार्थनेला मनाई नव्हती. ती कोठे बसून करायची, हे दुसरा ठरवणार होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार २ मार्च १९३० रोजी आपल्यासाठी बंद झाले. सेंट जॉर्जचे दार उघडे होते, आत जागा मात्र आखून दिलेली होती. बंद दार निदान खोटे बोलत नाही.

बाहेर पडलेल्या माणसांनी काय केले? त्यांच्यापाशी एक साधन होते. एप्रिल १७८७ मध्ये ॲलन, जोन्स आणि इतर काही काळ्या माणसांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ काढली होती. दरमहा एक शिलिंग वर्गणी. वर्षभर भरल्यानंतर सभासद अडचणीत आला तर त्याला आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळत. विधवेची सोय, पोरक्या मुलांचे शिक्षण आणि त्यांना कामधंदा शिकवणे हेही नियमांत होते. म्हणजे मंडळी स्थापन होण्यापूर्वी फंड स्थापन झाला. देवळाचा पाया घालण्याआधी माणसांनी एकमेकांच्या आजारपणाची हमी घेतली.

ह्या सोसायटीत एक मतभेद झाला, तोही सांगितला पाहिजे. क्वेकर पंथीयांच्या प्रभावाने सभेच्या आरंभी काही वेळ मौन पाळण्याची पद्धत आली. ॲलनला ती मानवेना. त्याच्या माणसांना साधे बोलणे आणि मोकळ्या गळ्याचे गाणे हवे होते. तो सोसायटीपासून दूर झाला. ज्यांना आयुष्यभर गप्प केले गेले आहे त्यांच्यासाठी मौन ही साधना आहे की सवयीची शिक्षा, हा त्याचा प्रश्न होता असे मी समजतो. शांत प्रार्थना तीच खरी, जी बोलण्याचा हक्क हातात असलेल्या माणसाने स्वतः निवडलेली असते.

१७९३ साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली. सुमारे पाच हजार माणसे मेली. पैसेवाले शहर सोडून गेले. काळ्यांना हा ताप होत नाही, अशी चुकीची समजूत एका नामांकित डॉक्टराने पसरवली आणि त्यांनी मदतीला यावे असे आवाहन केले. ॲलन आणि जोन्स ह्यांनी शुश्रूषेची आणि प्रेते उचलण्याची व्यवस्था केली. काळी माणसेही तापाने मेली. साथ ओसरल्यावर एका प्रकाशकाने त्यांच्यावर लुबाडणुकीचा आरोप केला, तेव्हा १७९४ मध्ये दोघांनी पुस्तिका छापून हिशेबासह उत्तर दिले. १८९७ साली पुण्याच्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, हे आठवल्याशिवाय राहत नाही. सेवेचे ओझे खालच्यांनी उचलायचे आणि कृतज्ञतेऐवजी संशय घ्यायचा, हा अनुभव दोन खंडांत सारखाच आहे. फरक एवढाच करता येतो की उत्तर लिहून ठेवावे. ॲलनने ते लिहून ठेवले.

त्याच वर्षी, जुलै १७९४ मध्ये, बेथेल चर्चचे उद्घाटन झाले. ॲलनने आधीच घेऊन ठेवलेल्या जागेवर लोहाराचे एक जुने दुकान ओढून आणले होते. तेच पहिले देऊळ. पण खरी लढाई पुढेच होती. कायद्याच्या कागदांत अशी कलमे घातली गेली होती की इमारतीवर गोऱ्यांच्या परिषदेचा ताबा राहावा. कळल्यावर ॲलनच्या मंडळीने १८०७ मध्ये घटनेत दुरुस्ती केली. वाद वाढत गेला. १८१५ साली चर्च लिलावात निघाले आणि आपलेच देऊळ सोडवण्यासाठी ॲलनला दहा हजार डॉलरांहून अधिक बोली लावावी लागली. १८१६ च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळीच्या बाजूने निकाल दिला. त्याच एप्रिलमध्ये निरनिराळ्या गावच्या काळ्या मेथॉडिस्टांनी एकत्र येऊन ‘आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च’ स्थापले. ॲलन त्याचा पहिला बिशप झाला.

येथे एक गोष्ट नीट पाहावी. ॲलनने मेथॉडिस्ट श्रद्धा सोडली नाही. बाराबारांचे वर्ग, जागण्याची रात्र, साधी शिकवण हे सारे त्याने ठेवले. त्याने फक्त किल्ली आपल्याकडे घेतली. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला वेगळा निर्णय जाहीर केला, कारण त्यांच्या मते आपल्याकडे विषमता धर्माच्या गाभ्यातच होती. दोघांच्या वाटा एक नाहीत आणि त्या ओढूनताणून एक करू नयेत. पण दुसऱ्याच्या देवळात जागा मागत राहण्यात आयुष्य घालवायचे नाही, हे दोघांनाही कळले होते.

दक्षिणेत गुलाम होते तिथे किल्लीचा प्रश्नच नव्हता. चार्ल्स्टन शहरात १८२२ साली डेन्मार्क व्हेसीच्या नियोजित उठावाचा सुगावा लागला. पस्तीस जणांना फाशी दिले गेले आणि ज्या आफ्रिकन मेथॉडिस्ट मंडळीशी त्याचा संबंध होता तिची इमारत पाडून टाकली गेली. १८३४ पासून तर काळ्यांच्या स्वतंत्र मंडळ्यांवर तिथे बंदीच आली. मग प्रार्थना रानात गेली. १९३० नंतरच्या दशकात पूर्वीच्या गुलामांच्या आठवणी सरकारी योजनेतून टिपून घेतल्या गेल्या. त्यांत अनेकांनी सांगितले की रात्री खोपटात जमून दाराशी लोखंडी भांडे पालथे घालीत. आवाज त्यात अडकतो आणि मालकापर्यंत जात नाही, असा समज होता. मौनाचा हा आणखी एक प्रकार. हळू बोलायचे, पण बोलायचेच.

आणि मग ३१ डिसेंबर १८६२ ची रात्र आली. गुलामांच्या मुक्तीचा लिंकनचा जाहीरनामा दुसऱ्या दिवशी अमलात यायचा होता. उत्तरेत आणि जिथे जमेल तिथे काळी माणसे देवळांत जमून वाट पाहत बसली. मेथॉडिस्टांची जुनी जागण्याची रात्र त्या दिवशी स्वातंत्र्याची रात्र झाली. जाहीरनामा बंडखोर राज्यांपुरताच होता, सगळे गुलाम त्याने सुटले नाहीत. त्यासाठी १८६५ ची घटनादुरुस्ती यावी लागली. तरीही अमेरिकेतल्या काळ्या मंडळ्या आजही ही रात्र त्याच आठवणीने पाळतात. मावशीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. तिच्या सासूबाईंना ती प्रथा मिशनऱ्यांकडून मिळाली असेल, पण त्या रात्रीत खाणमजुरांची पायपीट आहे आणि गुलामांची प्रतीक्षाही आहे.

आपल्याशी ह्याचा प्रत्यक्ष धागाही आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्यानंतर सहा वर्षांनी, १८७९ मध्ये, ॲमांडा स्मिथ नावाची काळी बाई मुंबईत उतरली. १८३७ साली मेरिलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेली, धुणीभांडी करून पोट भरलेली, आफ्रिकन मेथॉडिस्ट मंडळीत वाढलेली ही विधवा सुमारे दोन वर्षे भारतात प्रवचने करीत फिरली. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात तिने इलिनॉयमध्ये काळ्या अनाथ मुलांसाठी घर काढले. तिच्या स्वतःच्या चर्चने मात्र तिला दीक्षित उपदेशक केले नाही. ॲलननेही जरीना ली ह्या स्त्रीला उपदेशाची परवानगी आधी नाकारली आणि १८१९ साली दिली. ह्या चर्चला पहिली स्त्री बिशप मिळायला २००० साल उजाडले. किल्ली हातात आली म्हणजे ती सगळ्यांच्या हातात आली असे होत नाही. आपल्या समित्यांच्या याद्या वाचताना हे वाक्य मला टोचते.

गोऱ्यांच्या मेथॉडिस्ट चर्चची कहाणी वेगळीच. एका बिशपाच्या घरी गुलाम असल्यावरून ते १८४४ साली फुटले. १९३९ साली पुन्हा जुळले, तेव्हा पाच विभाग भूगोलाने पाडले आणि सहावा फक्त काळ्यांसाठी, वर्णाने पाडला. तो १९६८ पर्यंत टिकला. म्हणजे एकाच बायबलाच्या छायेत राजवाडा आणि महारवाडा.

काळ्यांच्या मंडळ्यांतून मात्र माणसे उभी राहत गेली. १९५५ साली माँटगोमेरीत बसमधली जागा न सोडणारी रोझा पार्क्स ह्याच आफ्रिकन मेथॉडिस्ट मंडळीची सभासद. १९५४ च्या शाळांच्या खटल्यात ज्याचे नाव गाजले तो ऑलिव्हर ब्राउन ह्याच चर्चचा सहायक पाळक. विल्बरफोर्स विद्यापीठ ह्या चर्चने १८६३ साली विकत घेतले, आणि तिथे डू बॉइस ह्यांनी काही काळ शिकवले. ह्याच डू बॉइस ह्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या काळ्यांच्या अर्जाची प्रत मागितली होती.

चार्ल्स्टनची पाडलेली मंडळी १८६५ नंतर पुन्हा उभी राहिली. १७ जून २०१५ च्या संध्याकाळी तिथे बायबलचा अभ्यास चालू होता. एक गोरा तरुण आला. त्याला बसायला जागा दिली गेली. जवळजवळ तासभर तो त्यांच्यात बसला. शेवटच्या प्रार्थनेला माणसांनी डोळे मिटले तेव्हा त्याने पिस्तूल काढले. पाळक क्लेमेंटा पिंक्नी ह्यांच्यासह नऊ जण मेले. पुढच्याच रविवारी त्या मंडळीने दारे उघडून उपासना केली. सेंट जॉर्जमध्ये प्रार्थनेतून माणसाला ओढून उठवले होते. इथे प्रार्थनेत ठार केले. तरी दार उघडले, कारण ते त्यांचे होते. उघडायचे की लावायचे हे ठरवणारे तेच होते.

आता आपल्याकडे येतो. मी बौद्ध आहे आणि तसाच राहणार. बाबासाहेबांनी दिलेली वाट सोडून कोणी दुसरीकडे जावे, असे सुचवण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. आपल्याजवळ विहार आहे, त्याची किल्लीही आपल्याच हातात आहे. त्यासाठी आपल्या बापजाद्यांनी किंमत मोजली आहे. आपला ऋतूही आहे : आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ह्या ग्रंथाचे वाचन चालते. तीन महिने रोज संध्याकाळी माणसे जमतात. ऐकतात, वंदना म्हणतात आणि घरी जातात. पण त्या तीन महिन्यांत शेजारच्या खोलीतला म्हातारा आला नाही, हे कोण मोजते?

गेल्या वर्षावासात आम्ही एक लहानशी गोष्ट सुरू केली. जयंतीच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवली. वस्तीतली घरे बाराबारांत वाटली. दर आठवड्याला एक जण त्या बारा घरी जातो. ज्याच्याकडे वर्गणी नाही त्याची मागायची नाही, फक्त विचारायचे. दोन गटांची माणसे पहिल्याच महिन्यात कंटाळली. तीन गट चालू आहेत. त्यांतला एक सांभाळणारी बाई निरक्षर आहे. ती घरे बोटांवर मोजते आणि वही तिची नात लिहिते.

माझ्याकडे जी बारा घरे आहेत, त्यांत ती खोलीही आहे. तिथे आता दुसरे भाडेकरू राहतात. मी गुरुवारी जातो. पहिल्या वेळी त्यांनी विचारले, कशाची वर्गणी? मी म्हटले, वर्गणी नाही, तुमची तब्येत विचारायला आलो. त्यांनी मला आत बसवले.